पहिला भारतीय संत कोण? वसईचे गोन्सालो गार्सिया आणि ‘रक्तसाक्षी’ ठरवण्याची रीत

१२ ऑक्टोबर २००८ रोजी केरळच्या सिस्टर अल्फोन्सा यांना रोममध्ये संत घोषित केलं, तेव्हा ‘पहिल्या भारतीय संत’ अशा बातम्या आल्या. १५ मे २०२२ रोजी कन्याकुमारीकडचे देवसहायम पिल्लै संत झाले, तेव्हा ‘पहिले’ हा शब्द पुन्हा मथळ्यात आला. वसईतला वाचक दोन्ही वेळा बुचकळ्यात पडला असणार, कारण वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया ८ जून १८६२ रोजीच संत घोषित झाले होते.

यात खोटं कोणीच बोललेलं नाही, फक्त मथळ्यातली विशेषणं गळाली. अल्फोन्सा या संत ठरलेल्या पहिल्या भारतीय महिला. देवसहायम हे पहिले भारतीय प्रापंचिक संत, म्हणजे धर्मगुरू नसलेले आणि कोणत्याही संघाचं व्रत न घेतलेले. गोन्सालो हे भारतात जन्मलेल्यांपैकी पहिले. त्यांच्याही आधी, १३२१ साली, ठाण्यात तोलेन्तिनोचे थॉमस आणि त्यांचे सोबती मारले गेले होते, पण ते बाहेरून आलेले होते.

खरा गुंता याच्या पुढे आहे. गोन्सालो धर्मगुरू नव्हते. त्यांनी ग्रंथ लिहिला नाही की संघ स्थापन केला नाही. एका परदेशी सत्ताधीशाच्या हुकमाने, जहाजाच्या वादातून पेटलेल्या प्रकरणात ते मारले गेले. मग त्यांना रक्तसाक्षी, म्हणजे श्रद्धेसाठी प्राण देणारे, का मानायचं? याचं उत्तर समजायला त्यांचा मार्ग आणि ख्रिस्तसभेची (कॅथलिक चर्चची) तपासणीची पद्धत, दोन्ही पाहावं लागतं.

## वसई, जपान, मनिला

वसई १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगीजांकडे गेली. गोन्सालो यांचा जन्म तिथला, १५५६ किंवा १५५७ चा. वडील पोर्तुगीज आणि आई स्थानिक, अशी सर्वसाधारणपणे मान्य असलेली माहिती. किल्ल्यात येशूसंघीयांचं विद्यालय होतं, तिथे त्यांचं शिक्षण झालं. येशूसंघीय म्हणजे इग्नेशियस लोयोला यांनी स्थापलेल्या संघाचे लोक, इंग्रजी शाळांमुळे आपल्याला ‘जेझुइट’ म्हणून माहीत असलेले. १५७२ च्या सुमारास, पंधरा-सोळा वर्षांच्या वयात, ते त्यांच्यासोबत जपानला पोचले.

जपानी भाषा त्यांना लवकर आली. सुमारे आठ वर्षं त्यांनी येशूसंघीयांकडे धर्माची प्रश्नोत्तरी शिकवण्याचं आणि सहायकाचं काम केलं. त्या संघात प्रवेश मिळावा ही त्यांची इच्छा होती, ती पुरी झाली नाही. मग त्यांनी व्यापार धरला आणि त्यात जम बसवला. पूर्वेकडच्या बंदरांत ये-जा असलेला, पोर्तुगीज आणि जपानी दोन्ही बोलणारा तरुण व्यापारी त्या काळात उपाशी राहणं शक्यच नव्हतं.

तरीही १५८७-८८ च्या सुमारास मनिलात त्यांनी हे सगळं सोडून फ्रान्सिस्कन संघात प्रवेश घेतला. फ्रान्सिस्कन म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिसचे अनुयायी. मनिलातली त्यांची शाखा विशेष कडक होती. हे लोक अनवाणी चालत, जाडाभरडा झगा घालत, कमरेला दोर बांधत. मालमत्ता स्वतःची नाही आणि संघाचीही जमेल तितकी कमी, हा त्यांचा नियम.

## फादर आणि ब्रदर: फरक कशात?

संघात शिरणारा प्रत्येक पुरुष तीन व्रतं घेतो: दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन. पण व्रत घेणं आणि धर्मगुरू होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धर्मगुरूपदासाठी बिशपच्या हातून दीक्षा लागते आणि त्याआधी लॅटिन व ईशज्ञानाचा (ईश्वराविषयीच्या शास्त्राचा) अभ्यास. ती दीक्षा झालेला फादर मिस्सा, म्हणजे ख्रिस्ती उपासनेचा मुख्य विधी, अर्पण करतो आणि पापनिवेदन ऐकतो. दीक्षा न झालेला, पण आयुष्यभराचं व्रत घेतलेला तो ब्रदर, म्हणजे धर्मबंधू. त्याला मिस्सा करता येत नाही. त्या काळात स्वयंपाक, दार सांभाळणं, भिक्षा मागणं, आजाऱ्यांची सेवा, कपडे शिवणं ही कामं बहुधा त्याच्याकडे येत. मठाच्या निर्णयांत त्याचा शब्द शेवटचा नसे.

गोन्सालो धर्मबंधू होते. त्यामुळे त्यांच्याबद्दलची कागदपत्रं कमी आहेत. मोहिमेचे प्रमुख फादर पेद्रो बाउतिस्ता यांची पत्रं उरली, गोन्सालो यांच्याबद्दल आपल्याला कळतं ते बरंचसं इतरांच्या लिहिण्यातून. पण त्यांच्या पुढ्यात पडलेलं काम मठातल्या कुठल्याही फादरला जमणारं नव्हतं.

## दुभाष्याच्या जागेवर

१५९० च्या दशकात जपानची सत्ता तोयोतोमी हिदेयोशी यांच्या हाती होती. शतकभराच्या यादवीनंतर देश एका हाताखाली आणणारे हे सेनानी. १५९२ मध्ये त्यांनी कोरियावर स्वारी केली होती, आणि फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरने आपलं मांडलिकत्व पत्करावं अशी मागणीही पाठवली होती. गव्हर्नरकडे लढायला पुरेसं बळ नव्हतं, वेळ काढायची होती. त्याने आधी डॉमिनिकन या आणखी एका संघाच्या धर्मगुरूला दूत म्हणून पाठवलं. ते परतीच्या प्रवासात दगावले. म्हणून १५९३ मध्ये पेद्रो बाउतिस्ता यांना दूत म्हणून धाडलं आणि सोबत दुभाषी म्हणून गोन्सालो गेले.

भेट क्युशू बेटावरच्या नागोया किल्ल्यात झाली. कोरियाच्या युद्धाची छावणी तिथेच होती (आजचं मोठं नागोया शहर ते वेगळं). एकीकडे शरणागती मागणारा सत्ताधीश, दुसरीकडे ‘नाही’ स्पष्ट न म्हणता मैत्रीची भाषा करणारं दूतमंडळ, आणि मध्ये वसईचा हा अनवाणी धर्मबंधू. शब्द थोडा वाकडा पडला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. शेवटी, मनिलाहून उत्तर येईपर्यंत दूतमंडळाने जपानात राहावं असं ठरलं. क्योतोत जागा मिळाली. १५९४ मध्ये तिथे चर्च आणि मठ उभा राहिला, शेजारी कुष्ठरोगी व गरिबांसाठी रुग्णालयं आली. ओसाकातही एक छोटा मठ झाला.

नवख्या फादरांना जपानी येत नव्हती, तेव्हा उपदेश, रुग्णांशी बोलणं, अधिकाऱ्यांकडच्या खेपा यांतलं बरंच गोन्सालो यांच्यावर पडलं. त्यांच्या नम्रतेबद्दल लिहिताना चरित्रकार गरिबी आणि अनवाणी पायांचं वर्णन करतात. माझ्या मते त्यांची नम्रता या कामात जास्त दिसते. वीस वर्षांचा अनुभव, भाषा, ओळखी, बाजाराची जाण, हे सगळं असलेला माणूस दुसऱ्यांचे शब्द पोचवत राहिला आणि मठात सर्वांत खालच्या पायरीवर राहिला.

## आधीपासूनची बंदी आणि दोन संघांतला वाद

इथे एक पेच आहे, तो टाळून पुढे जाता येणार नाही. हिदेयोशींनी जुलै १५८७ मध्येच परदेशी धर्मप्रचारकांना देश सोडण्याचा हुकूम काढला होता. त्याची अंमलबजावणी ढिली राहिली, कारण पोर्तुगीज जहाजांचा रेशीमव्यापार त्यांना हवा होता आणि त्यात येशूसंघीय मध्यस्थ होते. येशूसंघीयांनी ही ढिलाई ओळखली आणि ते जपून, फार गाजावाजा न करता काम करत राहिले.

शिवाय १५८५ मध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांनी जपानातलं धर्मकार्य येशूसंघीयांपुरतं राखून ठेवलं होतं. फ्रान्सिस्कनांचं म्हणणं असं, की आम्ही दूत म्हणून आलो, सत्ताधीशाने राहू दिलं, जागाही दिली. त्यांनी झगा घालून उघडपणे प्रचार केला. येशूसंघीयांना यात सगळ्यांनाच धोका दिसत होता. मागे पोर्तुगाल आणि स्पेन यांची चुरसही होती. १५८० पासून दोन्ही देशांचा राजा एक असला तरी पोर्तुगीजांच्या मकावचे आणि स्पॅनिशांच्या मनिलाचे व्यापारी एकमेकांना पाण्यात पाहत.

गोन्सालो या भांडणाच्या दोन्ही बाजू आतून ओळखत होते. पोर्तुगीज मुलखात जन्मलेले, येशूसंघीयांकडे घडलेले, आणि आता स्पॅनिश फ्रान्सिस्कनांसोबत उभे असलेले.

## एक जहाज किनाऱ्याला लागतं

जुलै १५९६ मध्ये ‘सान फेलिपे’ हे भरलेलं स्पॅनिश जहाज मनिलाहून मेक्सिकोतल्या आकापुल्कोकडे निघालं. वादळांनी मोडकळीला आलेलं ते ऑक्टोबरमध्ये शिकोकू बेटावर उरादोला लागलं. हिदेयोशींनी माल जप्त करवला. त्यांची तिजोरी कोरियाच्या युद्धाने रिकामी होत होती, आणि सप्टेंबरमधल्या भूकंपात त्यांचा फुशिमीचा किल्ला कोसळला होता. एवढा माल आयता दारात आलेला सोडण्यासारखी स्थिती नव्हती.

यानंतर काय झालं यावर चारशे वर्षं वाद आहे. जहाजाच्या सुकाणूदाराने अधिकाऱ्यांना नकाशा दाखवून स्पॅनिश साम्राज्याचा विस्तार सांगितला आणि ‘आधी धर्मगुरू जातात, मागून सैन्य येतं’ अशा अर्थाचं बोलला, अशी एक हकीकत आहे. फ्रान्सिस्कनांच्या बाजूने ती नाकारली गेली आणि दोन्ही संघांनी एकमेकांवर दोष टाकला. परिणाम मात्र स्पष्ट होता. डिसेंबर १५९६ मध्ये क्योतो आणि ओसाकातल्या मठांवर पहारे बसले आणि अटकसत्र सुरू झालं.

## क्योतो ते नागासाकी

यादीत २४ जण होते. सहा फ्रान्सिस्कन: पेद्रो बाउतिस्ता, मार्तिन दे ला असेन्सिओन आणि फ्रान्सिस्को ब्लांको हे तीन धर्मगुरू, मेक्सिकोचे फेलिपे दे हेसुस (‘सान फेलिपे’ जहाजावरूनच आलेले, अजून दीक्षा न झालेले), आणि फ्रान्सिस्को दे सान मिगेल व गोन्सालो गार्सिया हे धर्मबंधू. तीन जपानी येशूसंघीय, त्यांत पॉल मिकी. बाकीचे मठाशी आणि रुग्णालयाशी जोडलेले जपानी प्रापंचिक: स्वयंपाकी, सुतार, शिकवणारे, मिस्सात मदत करणारी मुलं.

३ जानेवारी १५९७ रोजी क्योतोत प्रत्येकाच्या डाव्या कानाचा तुकडा कापला गेला. मूळ हुकूम नाक आणि दोन्ही कान कापण्याचा होता, अधिकारी इशिदा मित्सुनारी यांनी तो सौम्य केला. मग गाड्यांवर बसवून क्योतो, ओसाका आणि साकाईत धिंड काढली. तिथून ऐन हिवाळ्यात, पहाऱ्यात, पश्चिमेकडे प्रवास: हिमेजी, ओकायामा, हिरोशिमाच्या बाजूने शिमोनोसेकीपर्यंत, सामुद्रधुनी ओलांडून क्युशूवर, शेवटी ओमुराचा उपसागर होडीतून. एवढं लांब नेण्यामागे हेतू उघड होता. नागासाकी हे ख्रिस्ती वस्तीचं आणि पोर्तुगीज व्यापाराचं बंदर, धडा तिथे द्यायचा होता. वाटेत कैद्यांच्या मदतीला आलेले दोघे, पेद्रो सुकेजिरो आणि फ्रान्सिस्को नावाचा सुतार, त्यांनाही पहारेकऱ्यांनी ओढून घेतलं. २४ चे २६ झाले.

५ फेब्रुवारीच्या सकाळी निशिझाका टेकडीवर २६ क्रूस तयार होते. चित्रांत खिळे दाखवतात, पण जपानी पद्धतीत खिळे नव्हते. मनगटं, घोटे आणि गळा लोखंडी कड्यांनी जखडत, दोर बांधत, पायांखाली आडवी फळी आणि मध्ये बसायला छोटी खुंटी असे. क्रूस उभे केल्यावर भालेकरी दोन बाजूंनी बरगड्यांखालून वर, समोरच्या खांद्याच्या दिशेने भाले मारत. मृत्यू बहुधा पटकन येई. पॉल मिकी यांनी क्रुसावरून जमावाला उपदेश केला. गोन्सालो तेव्हा चाळिशीच्या आसपास होते. क्रुसावर चढवलेल्यांत ते पहिले होते, असं परंपरा सांगते.

हे आपल्यापर्यंत पोचलं ते त्या काळच्या लेखकांमुळे. येशूसंघीय लुईस फ्रोइश तेव्हा नागासाकीत होते. त्यांनी लगेच सविस्तर अहवाल लिहिला आणि त्याच वर्षी त्यांचं निधन झालं. हे फ्रोइश जपानला जाण्याआधी बरीच वर्षं गोव्यात राहिलेले. फ्रान्सिस्कन मार्सेलो दे रिबादेनेइरा हेही त्या वेळी जपानात होते, त्यांचा वृत्तान्त १६०१ मध्ये बार्सिलोनात छापला गेला. दोन एकमेकांवर नाराज असलेल्या संघांचे लेखक मुख्य घटनेवर सहमत आहेत, ही इतिहासाच्या दृष्टीने फार मोलाची गोष्ट.

## रक्तसाक्षी कोणाला म्हणायचं?

ख्रिस्तसभेत रक्तसाक्षी म्हणजे श्रद्धेखातर मृत्यू पत्करलेली व्यक्ती. ठरवताना तीन गोष्टी तपासतात.

पहिली, मृत्यू खरोखर झाला का आणि तो त्या छळामुळेच झाला का. तुरुंगातल्या हालअपेष्टांनी नंतर आलेला मृत्यूही चालतो, पण संबंध सिद्ध व्हावा लागतो.

दुसरी, मारणाऱ्याचा हेतू. त्याने श्रद्धेच्या किंवा श्रद्धेतून आलेल्या कृतीच्या द्वेषापोटी मारलं का? बहुतेक प्रकरणं इथेच अडकतात. दरोड्यात मारला गेलेला धर्मगुरू कितीही सज्जन असला तरी एवढ्यावरून रक्तसाक्षी ठरत नाही.

तिसरी, मरणाऱ्याची वृत्ती. त्याने मृत्यू स्वीकारला का, शेवटपर्यंत टिकून राहिला का? मुद्दाम चिथावून मरण ओढवून घेणं ख्रिस्तसभेने आरंभीच्या शतकांपासून नापसंत केलं आहे. हातात शस्त्र घेऊन लढताना आलेला मृत्यूही या व्याख्येत बसत नाही.

निशिझाकाच्या प्रकरणात पहिली अट वादातीत आहे. तिसरीसाठी पुरावे भरपूर. यादीतला मातिआस नावाचा स्वयंपाकी अटकेच्या वेळी सापडला नाही, तेव्हा शेजारचा त्याच नावाचा एक ख्रिस्ती पुढे झाला आणि त्याला नेलं. बारा वर्षांच्या लुई इबाराकीला धर्म सोडलास तर सोडतो असं सांगितलं गेलं, त्याने नकार दिला. चौदा वर्षांच्या थॉमस कोझाकीने वाटेत आईला लिहिलेलं पत्र, सोबत मारल्या गेलेल्या त्याच्या वडिलांच्या अंगावर सापडलं. गोन्सालो यांनी तर सुखाचा व्यापार आधीच सोडलेला होता, आणि कुठे राहतो आहोत याची त्यांना मठातल्या कोणाहीपेक्षा जास्त कल्पना होती.

उरते दुसरी अट. आक्षेप तिथेच आहेत.

## ‘पण त्यांना तर राजकारणासाठी मारलं!’

हा सर्वांत गंभीर आक्षेप आहे आणि त्यात तथ्य आहे. जहाज, माल, स्पॅनिश आक्रमणाची भीती, दोन संघांची भांडणं यांशिवाय हे घडलं नसतं. हिदेयोशींनी सगळ्याच ख्रिस्ती लोकांना मारलं नाही. जपानात तेव्हा लाखाहून जास्त ख्रिस्ती होते.

पण राग कुठून आला आणि शिक्षा कशाबद्दल दिली, हे प्रश्न वेगळे आहेत. समजा एखाद्या संस्थाचालकाचा शिक्षकाशी पगारावरून खटका उडाला. पण काढून टाकण्याच्या पत्रात त्याने लिहिलं, ‘अमुक पंथाची प्रार्थना करता म्हणून,’ आणि तोंडी सांगितलं, ‘ती सोडा, नोकरी राहील.’ राग पगाराचा असेल, पण नोकरी गेली ती प्रार्थनेपायी. ख्रिस्तसभा याच धर्तीवर विचार करते. छळणाऱ्याचे हेतू मिसळलेले असू शकतात, श्रद्धेचा द्वेष त्यांतला निर्णायक भाग आहे का ते पाहायचं.

इथे कैद्यांपुढे मिरवलेल्या फलकावरची शिक्षाच महत्त्वाची ठरते. तिचा आशय असा: हे लोक फिलिपिन्सहून दूत म्हणवून आले, क्योतोत राहिले आणि मी बरीच वर्षं सक्त मनाई केलेला ख्रिस्ती धर्म शिकवत राहिले, म्हणून त्यांना आणि तो धर्म स्वीकारलेल्या या जपान्यांना देहदंड. राजकारण आणि धर्म एकाच वाक्यात आहेत. पण ज्या सतरा जपानी प्रापंचिकांचा जहाजाशी आणि दूतमंडळाच्या वाटाघाटींशी काहीच संबंध नव्हता, त्यांच्यासाठी एकच कारण उरतं. मुलासमोर ठेवलेला सुटकेचा पर्यायही तेच दाखवतो. फक्त स्पॅनिश हेर मारायचे असते तर धर्म सोडण्याची अट निरर्थक ठरली असती.

## ‘बंदी होती, ती मोडली. शिक्षा होणारच ना?’

कायद्याच्या बाजूने पाहिलं तर हुकूम मोडला होता, हे खरं. श्रद्धेबद्दलच्या बहुतेक शिक्षा कोणत्या ना कोणत्या हुकमानुसारच झालेल्या असतात. रोमन सम्राटांच्या काळातही तसंच होतं. हुकूम होता एवढ्याने रक्तसाक्षित्व नाकारलं तर जवळजवळ कोणीच उरणार नाही.

हिदेयोशींच्या बाजूलाही कारणं होती, आणि ती वाचकापासून लपवणं मला योग्य वाटत नाही. क्युशूतल्या काही ख्रिस्ती सरदारांनी मंदिरं पाडवली होती. पोर्तुगीज व्यापारी जपानी माणसांना गुलाम म्हणून विकत नेत, ही तक्रार १५८७ मध्ये उघडपणे मांडली गेली होती. फिलिपिन्सचं काय झालं ते समोर दिसत होतं. एका राज्यकर्त्याला भीती वाटावी असं यात बरंच काही आहे.

आपल्याकडे गोव्यात हाच प्रश्न याहून टोकदार होऊन समोर येतो. २५ जुलै १५८३ रोजी कुंकळ्ळीत रुदोल्फ आक्वाविवा आणि इतर चार येशूसंघीय मारले गेले. पोर्तुगीजांनी देवळं पाडल्याचा संताप गावकऱ्यांत होता. नंतर पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी असोळणेला बोलावून ठार केलं. त्या पाच जणांना १८९३ मध्ये ‘धन्य’ (संतपदाआधीची पायरी) घोषित केलं गेलं आणि गावप्रमुखांचं स्मारकही आज कुंकळ्ळीत आहे. ख्रिस्तसभेचा निर्णय मेलेल्या व्यक्तीबद्दल असतो. ती ज्या सत्तेच्या छायेत आली त्या सत्तेला तो प्रमाणपत्र देत नाही. दोन्ही दुःखं एकाच वेळी मान्य करायला काहीच हरकत नसावी.

## ‘वडील पोर्तुगीज, मग भारतीय कसे?’

संतांच्या नोंदीत नागरिकत्व नसतं, जन्मस्थान असतं. ‘भारतीय’ ही आजच्या अर्थाची ओळख १५५६ मध्ये कोणाचीच नव्हती. त्यांचा जन्म वसईचा, शिक्षण वसईचं. स्थानिक आईमुळे पोर्तुगीज समाजात अशा मुलांचं स्थान शुद्ध पोर्तुगीजांच्या खाली मानलं जाई. येशूसंघात त्यांना प्रवेश मिळाला नाही याच्याशी काही अभ्यासक हे जोडतात. भारतात जन्मलेले पहिले संत, एवढं म्हणणं अचूक आहे आणि पुरेसंही.

## मग १८६२ पर्यंत वेळ का लागला?

पहिला टप्पा लवकर झाला. १६२७ मध्ये पोप आठवे अर्बन यांनी फ्रान्सिस्कन गटाला ‘धन्य’ घोषित केलं, म्हणजे ठरावीक ठिकाणी आणि संघांत त्यांची सार्वजनिक भक्ती करायला परवानगी मिळाली. येशूसंघीय तिघांनाही तशीच मान्यता मिळाली. संतपद म्हणजे हीच मान्यता जगभरासाठी. १६१४ पासून जपानात ख्रिस्ती धर्मावर कडक बंदी आली, मग देश जवळजवळ बंद झाला. तिथून साक्षीपुरावे येणंही थांबलं.

१८५० च्या दशकाअखेरीस करारांनी जपानची बंदरं उघडली आणि विषय पुन्हा जिवंत झाला. १८६२ च्या पेन्टेकॉस्ट सणाला, जगभरच्या बिशपांना रोममध्ये बोलावून, पोप नववे पायस यांनी २६ जणांना संत घोषित केलं. याचा एक परिणाम थेट होता. नागासाकीत या २६ जणांना अर्पण केलेलं ओउरा चर्च उभं राहिलं. १७ मार्च १८६५ रोजी तिथे आलेल्या काही ग्रामस्थांनी फ्रेंच फादर पेतिझाँ यांना हळूच सांगितलं, की आमची श्रद्धा तुमच्यासारखीच आहे. अडीचशे वर्षं धर्मगुरूंशिवाय, लपून श्रद्धा जपलेले हे ख्रिस्ती. बंदी उठली १८७३ मध्ये. त्यांच्या वस्त्यांना २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

आज असं प्रकरण आलं तर वाट अशी. मृत्यूनंतर साधारण पाच वर्षं थांबायचं (पोप ही अट शिथिल करू शकतात). जिथे मृत्यू झाला तिथल्या बिशपने रोमची हरकत नाही हे पाहून चौकशी उघडायची. साक्षी, पत्रं, न्यायालयाचे कागद गोळा करायचे. परवानगीआधीच सार्वजनिक भक्ती सुरू झालेली नाही, याची खात्री करायची. मग रोममध्ये सगळ्याचा एक मोठा अहवाल तयार होतो, इतिहासकार आणि ईशज्ञानाचे अभ्यासक तो तपासतात, त्यानंतर कार्डिनल आणि बिशप, शेवटी पोप. रक्तसाक्षित्व मान्य झालं तर ‘धन्य’ घोषित करायला चमत्काराची गरज नसते. इतरांना असते. संतपदासाठी मात्र त्यानंतर घडलेला एक चमत्कार लागतो, बहुधा तत्काळ, पूर्ण, टिकाऊ आणि वैद्यकाला न उलगडणारं बरं होणं.

प्रकरणं रखडतात ती जवळजवळ नेहमी दुसऱ्या अटीवर. मारणारा काय म्हणाला हे ऐकलेला साक्षीदार उरत नाही, किंवा अधिकृत कागदात चोरी, जमिनीचा वाद, दंगल असं काहीतरी कारण लिहिलेलं असतं. गोन्सालो यांच्या बाबतीत खुद्द सत्ताधीशाने कारण फलकावर लिहवून घेतलं होतं.

## यादीत त्यांचं नाव शोधताना

ख्रिस्तसभेच्या सणांच्या वैश्विक दिनदर्शिकेत ‘गोन्सालो गार्सिया’ हे नाव शोधलं तर सापडत नाही. गट ‘पॉल मिकी आणि सोबती’ या नावाने आहे, तारीख ६ फेब्रुवारी. मृत्यूची तारीख ५ असली तरी त्या दिवशी संत अगाथाचा सण आधीपासून आहे. जपानात मात्र ५ तारखेलाच साजरा करतात.

वसईच्या किल्ल्यात येशूसंघीयांच्या चर्चचा दर्शनी भाग उभा आहे, तो आता त्यांच्याच नावाने ओळखला जातो. नालासोपाऱ्याजवळच्या गास गावचं चर्च त्यांच्या नावाचं आहे, आणि वसईतलं एक महाविद्यालयही. निशिझाका टेकडीवर १९६२ मध्ये, संतपदाच्या शताब्दीला, शिल्पकार फुनाकोशी यांनी घडवलेली २६ ब्राँझ शिल्पं एका रांगेत बसवली. त्यांत सहा फ्रान्सिस्कन मधोमध, सलग आहेत. वसईहून जाणाऱ्यांनी गोन्सालोंना तिथे शोधावं.